फौजदारबाई आणि मशीनवाला

छोट्या दाराचं कुलूप उघडं होतं, आणि ते तिने उघडलेलं नव्हतं.

ती जागच्या जागी थबकली. छत्रीवरून निथळणारं पाणी खांद्यावर ओघळत होतं, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. गोदाम रोज तीच उघडायची, सगळ्यांच्या आधी. एक चावी तिच्याकडे, दुसरी मालकीणबाईंकडे... आणि मालकीणबाई काही एवढ्या सकाळी, असल्या पावसात घराबाहेर पडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

आत पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की शेजारच्याने हाक मारली तरी ऐकू येऊ नये. तिने दिवा लावला नाही. चपला हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेने पुढे सरकली. बादल्यांची रांग, थर्मासची रांग, टेबलफॅनची रांग... आणि इस्त्र्यांच्या रांगेच्या टोकाला एक शिडी. शिडीच्या वर, रॅकच्या अगदी माथ्यावर, एक माणूस ओणवा होऊन छताशी काहीतरी करत होता. तोंडात छोटी बॅटरी, हातात पक्कड.

दुसरी एखादी असती तर किंचाळली असती. हिने शिडी काढून घेतली.

"उं! उंऽऽ!" वरून आवाज आला. मग बॅटरी तोंडातून निघाली. "अहो... अहो बाई, शिडी!"

"शिडी गोदामाची आहे. तुम्ही कोण?"

"मी मशीन बसवायला आलोय."

"कसलं मशीन?"

"मालाची नोंद ठेवणारं. आपोआप. मालकीणबाईंनी चावी दिली मला."

"मला कोणी काही सांगितलेलं नाही."

"मला तरी कुठे सांगितलं होतं, की इथे शिडी पळवतात म्हणून?"

तिने वर पाहिलं. बॅटरीच्या उजेडात त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता... आणि त्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं. चोर पकडला गेल्यावर हसत नाही, हे तिला पटलं; पण मुरलेला चोर हसूही शकतो, हेही तिला लगेच सुचलं. तिने मालकीणबाईंना फोन लावला. त्या उचलेनात.

"मग आता?" त्याने विचारलं.

"बसा तिथेच."

आणि तो बसला. इस्त्र्यांच्या खोक्यांवर मांडी घालून, एखाद्या राजासारखा. खाली ती शिडीला टेकून उभी. मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा पाऊस ओसरला होता आणि वरच्या राजाला तीन शिंका येऊन गेल्या होत्या.

"अगं, सोड त्याला," मालकीणबाई फोनवर म्हणाल्या. "मीच पाठवलंय."

तिने शिडी लावून दिली. तो उतरला, हात झटकले, आणि म्हणाला, "तुमचं नाव ऐकून होतो. फौजदारबाई ना?"

गोदामात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की फौजदारबाई. तिला ते ठाऊक होतं. पण पहिल्याच दिवशी याला कोणी सांगितलं? आणि मालकीणबाईंनी आपल्यापासून हे का लपवलं? हे दोन प्रश्न तिने मनात जपून ठेवले, आणि चपला पायात घातल्या.

* * *

तिचा स्वभावच तसा. कोणी विनाकारण चॉकलेट दिलं तरी ती आधी विचारायची, "काम काय आहे?" दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा दिसायला बरा, बोलायला गोड. सगळे खूश. हिला मात्र काहीतरी खटकत होतं, म्हणून ती एकटीच त्याच्या ऑफिसात जाऊन चौकशी करून आली. तिथे त्या नावाचं कोणी कामालाच नव्हतं. लग्न मोडलं. तेव्हापासून नवं स्थळ आलं की आई कपाळाला हात लावून म्हणायची, "आता याच्याही ऑफिसात जाऊन ये, म्हणजे झालं."

वडील ती शाळेत असतानाच गेले. मामाने दोघी मायलेकींना आपल्या घरी आणलं, हिला शिकवलं आणि स्वतः जिथे माल लावायचं काम करत होता त्या गोदामात चिकटवून दिलं. घरगुती वस्तूंची तीन दुकानं आणि त्यांचं हे एकच गोदाम. बघता बघता भाची गोदामाची प्रमुख झाली आणि मामा तिच्या हाताखाली आला. त्याला कोण अभिमान! "आमची साहेब आली," म्हणत तो तिला सगळ्यांसमोर सलाम ठोकायचा.

आणि त्याच मामासाठी ती रोज सगळ्यांच्या आधी गोदामात यायची.

गेलं वर्षभर मामाला नीट दिसत नव्हतं. खोकी सगळी एकसारखी, तपकिरी. त्यांच्यावरची अक्षरं बारीक. मामा इस्त्र्या पंख्यांमध्ये लावायचा, मिक्सर थर्मासमध्ये. मग दुकानातून मागणी यायची, रॅकवर माल सापडायचा नाही, आणि कागदावर तो 'कमी' पडायचा. ती पहाटेच येऊन चुकलेली खोकी शोधायची आणि जागेवर नेऊन ठेवायची. सगळी थोडीच सापडायची? मागच्या ओळीतली, वरच्या फळीवरची तशीच राहायची.

"मामा, डॉक्टरकडे जाऊ या," ती म्हणायची.

"डोळे गेले असं कळलं की काम गेलं," मामा म्हणायचा. "निवृत्त होईपर्यंत ढकलू गं. तू आहेस ना?"

ती होती. पण आता छतावर अँटेना बसत होत्या.

* * *

"प्रत्येक खोक्याला एक स्टिकर," मशीनवाला तिला समजावून सांगत होता. "स्टिकरमध्ये चिप. छतावरच्या अँटेनाला तिचा सुगावा लागतो. कुठलं खोकं कुठल्या रॅकवर, ते इथे स्क्रीनवर ठिपक्यासारखं दिसणार. दुकानात इस्त्री विकली गेली, की इथला आकडा आपोआप उतरणार. माल संपत आला, की नवा पाठवायचा निरोप आपोआप येणार."

"आणि आम्ही?"

"तुम्ही काय?"

"सगळं आपोआप होणार, तर आम्ही काय टाळ्या वाजवायच्या?"

"माल उचलायला, लावायला माणसं लागणारच की."

"आज लागतील. उद्या?"

"उद्याचं मला खरंच माहीत नाही," तो म्हणाला.

तिला बरं वाटलं. दुसरा असता तर गोड बोलून मोकळा झाला असता. मग लगेच वाटलं... हीच तर याची चलाखी नसेल?

तिने त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. तो फार प्रश्न विचारायचा. माल कोण लावतं? कमी कधीपासून पडतोय? तुम्ही इतक्या लवकर का येता? ती एका वाक्यात उत्तर द्यायची आणि दुसऱ्या वाक्यात विषय बदलायची. दुपारी तो आपला चहाचा कप घेऊन तिच्याच टेबलाशी यायचा.

"तिकडे खुर्च्या आहेत," ती म्हणायची.

"तिकडे पंखा नाही."

"इथलाही बंद आहे."

"हो, पण इथे फौजदार आहे. चहा कोणी चोरत नाही."

ती हसू दाबायची. हसू दाबलं की तिच्या नाकाच्या शेंड्याला किंचित सुरकुती पडते, हे त्याने पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. तसं त्याने बोलूनही दाखवलं, आणि त्या दिवशी ती त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. याने आपल्याकडे इतकं निरखून पाहिलं तरी कधी? आणि का?

एकदा तिच्या लक्षात आलं, की आपल्या हातातल्या स्कॅनरची मूठ मऊ लागतेय. मुठीला कोणीतरी मऊ कापडाची पट्टी गुंडाळली होती, अगदी सफाईने. त्या कडक मुठीने तिच्या तळहाताला घट्टे पडले होते... पण ते तिने कोणाला दाखवले नव्हते. तिने दार लावून घेतलं, ती पट्टी पूर्ण उलगडली, आत चिप वगैरे बसवलीय का ते उजेडात धरून पाहिलं. काही नव्हतं. नुसतं कापड. मग ती पट्टी तिला पुन्हा तशी गुंडाळता येईना.

"आणा इकडे," दारातून तो म्हणाला. न बोलता त्याने पट्टी गुंडाळली, शेवटची गाठ मारताना तिला म्हणाला, "इथे बोट धरा."

तिने बोट धरलं. गाठ बसली. बोट काढायला दोघांनाही जरा उशीरच झाला.

त्या संध्याकाळी घरी भाजी चिरताना आई म्हणाली, "आज गुणगुणतेस काय गं?"

"छे! घसा साफ करतेय."

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने स्वतःचीच उलटतपासणी घेतली. कोण हा? कुठून आला? आपल्याशीच का एवढा गोड? उत्तरं काही येईनात. नुसता तो गाठ मारणारा हात डोळ्यांपुढे येत राहिला.

* * *

पावसाळा निम्मा सरला तोवर बऱ्याच रांगांवरच्या अँटेना सुरू झाल्या होत्या आणि खोक्यांना स्टिकर लावायचं काम जोरात होतं. कामगारांच्या ओळखपत्रांतही चिप आल्या. तिच्याही.

एका दुपारी मामा एक खोकं हातात धरून उभा होता. डोळे बारीक करून, मान तिरकी करून तो लेबल वाचत होता. वाचता येत नव्हतंच. तो अंदाज बांधत होता. ती धावत गेली. "दे मामा, मी ठेवते." वळली तर समोर मशीनवाला. त्याने पाहिलं होतं. तो आपली वायर उचलून निघून गेला. आता हा सांगणार... मालकीणबाईंना नक्की सांगणार.

एक दिवस गेला, आठवडा गेला. काहीच झालं नाही. उलट तो मामाशी जास्तच बोलायला लागला. खोकं आलं की सहज म्हणावं तसं मोठ्याने म्हणायचा, "वा, मामा, मिक्सर आले वाटतं!" आणि मामा मिक्सर मिक्सरच्या जागी लावायचा.

तिच्या मनातली गाठ सैल व्हायला लागली होती. अगदी हळूहळू... आणि तेवढ्यात तो फोन झाला.

जेवणाची सुट्टी होती. ती रिकाम्या पुठ्ठ्यांच्या ढिगामागे एक जुनं खोकं शोधत होती. पलीकडे तो जमिनीवर बसून वायर जोडत होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर. आवाज मालकीणबाईंचा होता, तो काही लपण्यातला नव्हता.

"तिच्यावर लक्ष ठेवताय ना?"

"ठेवतोय."

"सकाळी लवकर येऊन करते काय ती?"

मग त्याचा आवाज. "अजून हाती काही लागलं नाही."

"लागेल. माल काय हवेत विरतो? तुम्हाला मी त्यासाठीच पहिल्या दिवशी पहाटे तिथे पाठवलं होतं."

ती पुठ्ठ्यांमागून बाहेर आली. त्याने फोन बंद केला, पण उशीर झाला होता. तिचा चेहरा पाहून तो उभा राहिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे ते प्रश्न... ती पट्टी... चहा?"

"चहा त्यात नव्हता," तो घाईघाईने म्हणाला. "पट्टीसुद्धा नव्हती. ऐका, मला तुम्हाला—"

"मी उगाच फौजदार," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "खरा फौजदार तुम्ही. साध्या वेशातला."

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. "हो." "नाही." "तिकडे ठेवा." दुपारी ती टेबलावर फायलींचा ढीग मांडून ठेवायची, कप ठेवायला जागाच नको. तो लांब, खिडकीपाशी उभा राहून चहा प्यायचा आणि कप तसाच अर्धा टाकून जायचा. ते तिला दिसायचं. आपल्याला दिसतंय याचाच तिला राग यायचा.

आणि ती पहाटे यायची बंद झाली. हातात चिपचं कार्ड घेऊन, त्याच्या नकाशावर ठिपका होऊन फिरायचं? जमणार नव्हतं. चुकलेली खोकी चुकलेल्या जागीच साचत गेली.

* * *

मोजणीचा दिवस उजाडला. सगळ्या अँटेना पहिल्यांदाच एकदम सुरू होणार होत्या. मालकीणबाई आल्या, मोठा स्क्रीन भिंतीला लावला गेला, कामगार काम थांबवून गोळा झाले. मामा मागे, थर्मासच्या रांगेशी उभा राहिला.

मशीनवाल्याने बटण दाबलं. स्क्रीनवर गोदामाचा नकाशा उमटला. हिरव्या ठिपक्यांनी भरत गेला. आकडे भराभरा फिरले आणि थांबले. कमी पडलेला माल: जवळजवळ शून्य.

"शून्य?" मालकीणबाईंनी चष्मा सारखा केला. "मग ते एवढे मिक्सर, इस्त्र्या..."

"इथेच आहेत," तो हळूच म्हणाला. "लाल ठिपके पाहा. माल गोदामाबाहेर गेलाच नाही. चुकीच्या रॅकवर आहे."

लाल ठिपके पुष्कळ होते. आणि ते सगळीकडे नव्हते. मामा ज्या रांगा लावायचा, त्या आणि त्याच रांगांमध्ये गोवर उठावा तसे उठले होते.

"या रांगा कोण लावतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

कोणीच बोललं नाही. तिने मामाकडे पाहिलं. त्याला स्क्रीन दिसत नव्हता, पण शांतता ऐकू येत होती. त्याचा हात रॅकच्या दांडीवर घट्ट झाला होता.

"मी," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी लक्ष दिलं नाही. पुष्कळदा मीच लावते माल."

"तू?" मालकीणबाईंचा विश्वास बसेना. त्या मशीनवाल्याकडे वळल्या. "तुमचं मशीन काय म्हणतं? कोणी लावला माल?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिनेही नजर चुकवली नाही. सांग, तिच्या डोळ्यांनी म्हटलं. सांगून टाक, म्हणजे माझा संशय खरा ठरेल... आणि मी मोकळी होईन.

"मशीनला खोकी दिसतात," तो म्हणाला. "माणसं दिसत नाहीत."

"काय थापा मारता! कार्डातल्या चिपा मी काय शोभेला घेतल्या? मागच्या महिन्याचा नकाशा दाखवा."

तो हलला नाही. मालकीणबाईंनी स्वतःच माऊस हातात घेतला. तेवढ्यात मागून मामाचा आवाज आला.

"नको, बाईसाहेब. मी सांगतो."

तो रॅकला धरत धरत पुढे आला. "माल मी लावतो. मला दिसत नाही. वर्ष झालं. पोरगी माझ्या चुका निस्तरायला पहाटे येते. तिला बोलू नका."

मालकीणबाईंनी माऊस तरीही फिरवलाच. जुना नकाशा हलू लागला. पहाटेचं रिकामं गोदाम, आणि एक ठिपका. इस्त्र्यांपासून पंख्यांपर्यंत, पंख्यांपासून मिक्सरपर्यंत... एकेक खोकं उचलून जागेवर ठेवत जाणारा एकच ठिपका. रोज. दाराबाहेर एकदाही न गेलेला.

मालकीणबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी वळून मशीनवाल्याला धारेवर धरलं. "हे इतक्या आठवड्यांचं आहे! म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि मला फोनवर सांगत होतात, हाती काही लागलं नाही?"

तिने एकदम वर पाहिलं. अजून हाती काही लागलं नाही... ते वाक्य तिने किती वेळा मनात घोळवलं होतं, किती वेळा त्याला चाकूसारखी धार लावली होती! तो तिचा माग काढत होता असं तिला वाटलं होतं. तेव्हा तर त्याला सगळं कळून चुकलं होतं. तो तिला पाठीशी घालत होता.

"हो," तो म्हणाला. "माहीत होतं."

"काम पुरं करा आणि निघा," मालकीणबाई म्हणाल्या. "दुकानांत मशीन बसवायचं काम मी आता तुम्हाला देणार नाही. ज्याचं मशीन खरं बोलतं आणि जो स्वतः खोटं बोलतो, त्याचं काय करू मी?"

* * *

नंतर मालकीणबाईंनी तिला आत बोलावलं. "एकदा मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुम्ही मामाला काढून टाकलं असतं."

"कदाचित टाकलं असतं," मालकीणबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण तुझ्या त्या हरवलेल्या इस्त्र्यांपायी मी दुकानं बघणाऱ्या सख्ख्या दिराला चोर म्हटलं. वर्ष झालं, तो माझ्या घराची पायरी चढत नाही. आता त्याच्या दारात मला जायचंय."

आपण एकट्या मामाला सांभाळत होतो, आणि त्याचा चटका कुठे कोणाला बसत होता, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. "मी येऊ का तुमच्याबरोबर?" तिने विचारलं. "मीच सांगेन त्यांना."

मालकीणबाईंनी मान हलवली. "ये. आणि मामांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. बाकीचं मग बघू."

मशीनवाल्याचं काम दोन दिवसांत संपलं. तो गेला तेव्हा ती मामाच्या तपासण्यांसाठी दवाखान्यात होती. परत आली तर टेबलाशेजारची खुर्ची रिकामी. स्क्रीनवर सगळे ठिपके हिरवेगार. तिने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. काय म्हणणार? चूक झाली? आयुष्यभर तिला माणसांवर संशय घ्यायची सवय होती. आता पहिल्यांदाच स्वतःच्या संशयावर संशय यायला लागला होता.

* * *

मामाच्या एका डोळ्याला मोतीबिंदू होता, तो काढता येणार होता. दुसऱ्याला जी इजा झाली होती, ती मात्र कायमची.

"लवकर आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

ते वाक्य गिळून ती ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसली होती. बाहेर भुरभुर पाऊस. कोणीतरी शेजारी येऊन बसलं. ओल्या शर्टाचा वास आला... आणि तिने न पाहताच ओळखलं.

"तुम्ही इथे कसे?"

"तुमच्या आईंनी सांगितलं."

"आई तुम्हाला कुठे भेटली?"

"मी फोन केला."

"नंबर कोणी दिला?"

"मामांनी."

"मामाने? कधी?"

"जरा केस पुसू द्याल का? मग हवं तर हात वर करून उभा राहतो."

तिच्या नाकाच्या शेंड्याला सुरकुती पडली. मग तिचे डोळे भरून आले, आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "तुम्ही खोटं का बोललात?"

"कधी? मी दोनदा बोललो."

"दोन्ही वेळा."

"पहिल्यांदा..." तो थांबला. "मी खरंच तुम्हाला चोर समजून नकाशा बघत होतो. पण चोर माल बाहेर नेतो. तुमचा ठिपका खोकं उचलायचा, दुसऱ्या रांगेत ठेवायचा आणि पुन्हा मागे यायचा. मला कळेचना. मग मामांना लेबल वाचताना पाहिलं आणि कळलं. त्यानंतर रोज पहाटे तो ठिपका बघायची सवयच लागली. तुम्ही येणं बंद केलंत... तर माझा दिवस सुरू होईना."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"विश्वास ठेवला असता?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"तरी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "ती माझी चूक. भीती वाटली."

"कसली?"

"तुम्ही बोलणं टाकाल याची."

"ते तर टाकलंच मी."

"हो ना. फार वाईट गेले ते दिवस."

एक नर्स ट्रॉली ढकलत गेली, तिच्या चाकाचा कुईकुई आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

"आता कुठे काम?" तिने विचारलं.

"दुसऱ्या गावात. औषधांचं गोदाम आहे. सोमवारपासून."

"कोणाचं?"

त्याने सांगितलं.

"तिथे फोन करून विचारू का मी, खरंच तुम्हाला काम दिलंय का ते?"

"नंबर देतो. लिहून घ्या."

त्याने खरंच फोन काढला. ती त्याच्याकडे वळली. "मी अशीच आहे. मला माहितीये, हे बरं नाही. पण मी विचारत राहणार. कुठे होतात, कोणाशी बोलत होतात, उशीर का झाला... जन्मभर. कंटाळाल तुम्ही."

"जन्मभर?" त्याने तेवढाच शब्द उचलला.

तिचे कान तापले. "मी आपलं उदाहरण दिलं."

"मला उदाहरण आवडलं," तो म्हणाला. "विचारा. रोज विचारा. कोणी इतकं विचारणारं असावं, असं मला कधीपासून..." त्याने हात बाकावर ठेवला, दोघांच्या मधोमध, तळवा वर करून. मागत नव्हता, नुसता ठेवला होता.

तिने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग आपला हात त्यावर ठेवला.

"तू," ती म्हणाली. तो पहिला 'तू' तिला जिभेवर जड गेला. "तू मला आवडतोस. अगदी चौकशी वगैरे करून सांगतेय."

तो हसला नाही. त्याने नुसती तिची बोटं मिटून घेतली.

दार उघडलं. डॉक्टरांनी मान हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तिने सुटकेचा श्वास टाकला, आणि आईला फोन करायला उठली. तोही उठला. शर्ट अजून ओलाच होता.

"मी जरा जाऊन येतो," तो म्हणाला.

ती फोनवर आईचा नंबर शोधत होती. "बरं," ती म्हणाली. "ये."

तो पायऱ्या उतरून पावसात गेला. कुठे, ते तिने विचारलं नाही.